घरातली सायकल रस्त्यावर नेताना

पाऊस ओसरला, पहाटे थोडा गारवा जाणवू लागला की ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, वर्षभर घरी सायकल मारतोय, आता बाहेर काढू का?’ विचारणारे बहुतेक पन्नाशी-साठीचे असतात. कुणाला मधुमेह, कुणाला रक्तदाब, कुणाच्या अँजिओप्लास्टीला वर्ष झालेलं. जिममध्ये किंवा घरातल्या बाल्कनीत रोज तीस-चाळीस मिनिटं पेडल मारून वजन उतरलेलं असतं, साखर आटोक्यात आलेली असते आणि समोरची भिंत बघून बघून जीव कंटाळलेला असतो. (ज्यांच्या घरी सायकलीचा टॉवेल वाळत घालायचा स्टँड झाला आहे, ते हा प्रश्न विचारत नाहीत.)

माझं उत्तर बहुतेक वेळा ‘हो, जरूर काढा’ असंच असतं. पण त्यापाठोपाठ मी जे विचारतो त्यानं समोरचा जरा गोंधळतो. चष्मा कोणता वापरता? मान दोन्ही बाजूंना किती वळते? रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे का? खरी सायकल शेवटची कधी चालवली होती? एका गृहस्थांनी तर मला ऐकवलं होतं, ‘डॉक्टर, सायकल पायांनी चालवायची असते, मानेनं नाही.’

रस्त्यावरची सायकल मात्र बरीचशी मानेनं, डोळ्यांनी आणि हातांनी चालवावी लागते. घरातल्या यंत्रानं तुमचं हृदय आणि मांड्या तयार केल्या, ते अगदी खरं. बाकीच्या शरीराला त्यानं काही शिकवलेलं नाही. आणि अडचण अशी की तयार झालेलं हृदय माणसाला आत्मविश्वास देतं, तोल देत नाही. ज्याला धापच लागत नाही तो पहिल्याच दिवशी वेगात जातो.

या दोन सायकलींची कुळंही वेगळी आहेत. व्यायामाचं यंत्र खऱ्या सायकलीपेक्षा जुनं आहे, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. लंडनमध्ये फ्रान्सिस लाउंड्स यांनी १७९६ मध्ये ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. बसल्या जागी हातांनी दांडे आणि पायांनी पायटे फिरवायचे आणि आखडलेले सांधे मोकळे करायचे, असा त्याचा उपयोग. जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी दोन चाकांचं, पायांनी जमीन मागे ढकलत पळवायचं वाहन आणलं ते १८१७ मध्ये. त्याला पेडलच नव्हतं, होता तो फक्त तोल. पेडल आलं आणखी चार-पाच दशकांनी. पुढे १९१३ मध्ये ऑगस्ट क्रोग यांनी माणूस किती शक्ती लावतो हे मोजता येईल अशी सायकल प्रयोगशाळेत बसवली. आपल्या जिममधली सायकल या मोजमापाच्या घराण्यातली. तिच्यात श्रम आहेत, तोल नाही.

आधी श्रमांचं बघू, कारण हृदयरुग्णांना त्याचीच काळजी असते.

यंत्राच्या पडद्यावर दिसणारे किलोमीटर हे बरेचसे मानलेले किलोमीटर असतात. तिथं वारा नाही, चढ नाही, खडबडीत डांबर नाही. ‘मी रोज वीस किलोमीटर करतो’ म्हणून पहिल्याच रविवारी वीस किलोमीटर लांब जाणारा माणूस परत येताना रडकुंडीला येतो तो यामुळे. रस्त्यावर हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो.

ढोबळ हिशेब करू. ७५ किलोचा माणूस आणि १५ किलोची साधी सायकल. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी १५ किलोमीटरनं जायला साधारण ५० वॅट शक्ती लागते. हे काम निवांत आहे, गप्पा मारत जाता येतं. आता हाच माणूस उड्डाणपुलाच्या चढाला लागला. शंभर मीटरला चार मीटर चढ असेल, तर वेग ताशी १० किलोमीटरपर्यंत उतरवूनही त्याला सव्वाशे वॅटच्या आसपास शक्ती लागते. तेवढीच शक्ती सपाट रस्त्यावर समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आला तरी लागते. म्हणजे रस्ता तोच, माणूस तोच, आणि हृदयावरचा भार दुपटीहून जास्त. सव्वाशे वॅट म्हणजे किती? आपण टीएमटी करतो, त्या पट्ट्यावरच्या चाचणीच्या दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी जेवढे श्रम होतात, साधारण तेवढे. ज्यांची टीएमटी त्या टप्प्यावर दम लागल्यामुळे किंवा आलेखात बदल दिसल्यामुळे थांबवावी लागली होती, त्यांनी उड्डाणपूल सायकलवरून चढू नये. उतरावं, सायकल हातात धरून चालावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

घरी छातीत भरून आलं तर थांबता येतं, घरचे शेजारच्या खोलीत असतात. रस्त्यावर थांबलात तरी घर पाच किलोमीटर दूरच राहतं. म्हणून सुरुवातीला लांब सरळ जाण्यापेक्षा घराभोवती एक-दीड किलोमीटरचा फेरा धरावा आणि तो हवा तितक्या वेळा घ्यावा. पुढे लांब जाल तेव्हा वारा कोणत्या दिशेचा आहे ते झाडाच्या पानांवरून, झेंड्यावरून बघा आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा. येताना पाय दमलेले असतात, तेव्हा वारा पाठीशी हवा. किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा. यंत्रावर ४० मिनिटं होत असतील तर पहिले दोन आठवडे रस्त्यावर २० मिनिटं पुरेत.

नाडीच्या आकड्यांवर फार विसंबू नका, विशेषतः मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर. या गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत; घड्याळ ‘१०५’ दाखवतं आणि माणूस धापा टाकत असतो. त्यापेक्षा जुनी कसोटी बरी. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा जोर मध्यम व्यायामाचा. वाक्य तोडून तोडून बोलावं लागत असेल तर जोर जास्त होतोय. जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, तो याच जोराचा. जिभेखाली ठेवायची गोळी ज्यांना लिहून दिली आहे त्यांनी ती खिशात ठेवावी. छातीत दुखलं तर आधी सायकलवरून उतरून खाली बसावं आणि मग गोळी घ्यावी. उभ्यानं घेतली तर रक्तदाब उतरून चक्कर येते. काही मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन करावा, सायकल मारत घर गाठायचा प्रयत्न करू नये.

तोलाचं प्रकरण जास्त नाजूक आहे. ‘सायकल एकदा आली की विसरत नाही’ हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. हे कौशल्य मेंदूच्या ज्या भागांत साठवलं जातं, लहान मेंदू त्यात प्रमुख, तिथं ते वर्षानुवर्षं टिकतं. पण कौशल्य टिकलं तरी ते वापरणारं शरीर चाळीस वर्षांनी म्हातारं झालेलं असतं. तोल सांभाळायला मेंदू कानाच्या आतल्या भागाकडून, डोळ्यांकडून आणि सांधे-स्नायूंकडून माहिती घेतो. या तिन्ही वाटा वयानुसार मंदावतात. मधुमेहात पायांच्या नसा बधिर झाल्या असतील तर पेडलवर पाऊल नीट आहे की घसरतंय हेही लवकर कळत नाही. ताशी २० किलोमीटरनं जाताना आपण एका सेकंदात साडेपाच मीटर कापतो. समोर कुणी आडवं आलं हे कळून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर आठ मीटर गेलेच, ब्रेक लागायच्या आधी.

चष्म्याचा प्रश्न मी विचारतो तो यासाठी. चाळिशीनंतर बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा येतो, त्याचा खालचा भाग जवळचं वाचण्यासाठी असतो. सायकलवर पुढे वाकून नजर खाली टाकली की चाकापुढचा रस्ता नेमका या भागातून दिसतो, म्हणजे धूसर. खड्डा दिसतो, पण तो किती खोल आणि किती लांब ते कळत नाही. सायकलसाठी केवळ लांबच्या नंबरचा साधा चष्मा करून घ्यावा. खर्च थोडा आहे, उपयोग मोठा. नजरही चाकाजवळ न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे ठेवावी. यंत्रावर पडद्याकडे बघायची सवय लागलेली असते आणि ती सवय घेऊन बाहेर आलेला माणूस हँडलकडे बघत बसतो. हँडलकडे बघितलं की सायकल लटपटलीच म्हणून समजा.

आणि मान. उजवीकडे वळायचं तर मागून काय येतंय हे पाहायला मान खांद्यावरून वळावी लागते. स्पॉन्डिलोसिसमुळे ज्यांची मान आखडलेली असते ते मानेऐवजी अख्खं धड वळवतात, धडाबरोबर हँडल वळतं आणि सायकल थेट गाड्यांच्या रांगेत शिरते. मान वळत नसेल तर हँडलला आरसा लावा आणि उजवं वळण चालवत घेण्याऐवजी चौकात उतरून घ्या. कानात इअरफोन घालून जाऊ नका. मागून येणाऱ्या वाहनाची पहिली बातमी कान देतात.

हे सगळं रस्त्यावर शिकायचं नाही, मैदानावर शिकायचं. जवळच्या शाळेचं मैदान किंवा सोसायटीचा रिकामा पार्किंगचा भाग रविवारी सकाळी मिळतो. बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील इतकी सीट पहिल्या आठवड्यात खाली ठेवा. मग सावकाश फेऱ्या मारा, आठच्या आकड्यात वळा, एका हातानं इशारा करून पाहा, सरळ रेषेत जात असताना मागे बघून पाहा. कुठला ब्रेक पुढच्या चाकाचा आणि कुठला मागच्या, ते आपल्या सायकलीवर तपासा आणि दोन्ही एकत्र, हळूहळू दाबायचा सराव करा. घाबरून फक्त पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. तळहात टेकून पडलं की मनगट मोडतं, खांद्यावर पडलं की गळपट्टीचं हाड. हिवाळ्याच्या सुरुवातीला आमच्या अस्थिरोग विभागात प्लास्टर घालून घेणाऱ्यांत अशी नव्यानं सायकलवर आलेली माणसं दिसतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं हृदय माझ्यापेक्षा तंदुरुस्त असतं.

सराव झाला की सीट पुन्हा वर घ्या. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, इतपत. सीट फार खाली राहिली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीमागे दुखतं. फार वर असेल तर गुडघ्याच्या मागे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेची नस हँडलवर दाबली जातेय असं समजा. पकड सैल ठेवा, हाताची जागा बदलत राहा. जांघेत बधिरपणा येत असेल तर तो सहन करायची गोष्ट नाही. सीटचं टोक थोडं खाली करा, मधूनमधून उभे राहून पेडल मारा, तरी थांबत नसेल तर सीट बदला.

स्त्रियांबद्दल वेगळं सांगायला हवं. आज पन्नाशीत असलेल्या कितीतरी जणी शाळा-कॉलेजला सायकलवरून गेलेल्या आहेत. पुणं तर सायकलींचं शहर म्हणूनच ओळखलं जायचं. लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. आता घरातल्या यंत्रावरून त्यांना पुन्हा बाहेर जावंसं वाटतं, तेव्हा घरातले हसतात किंवा घाबरवतात. माझा अनुभव असा की या बायका पुरुषांपेक्षा सावध आणि म्हणून सुरक्षित चालवतात. दोनच गोष्टी सांगतो. मधला दांडा नसलेली सायकल घ्या, पाय पटकन जमिनीवर येतो. आणि ओढणी घरी ठेवून निघा. चाकात किंवा साखळीत गुंतलेली ओढणी गळ्याला फास लावते. असे रुग्ण सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांना विसरता येत नाहीत. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झाली असतील तर साध्या पडण्यानंही मनगट मोडू शकतं, आणि सायकल चालवल्यानं हाडं मजबूत होत नाहीत, कारण वजन सीटवर असतं. त्यासाठी चालणं आणि वजनाचे व्यायाम वेगळे करावे लागतात.

आता ज्यांच्याबाबत मी ‘हो’ म्हणायला वेळ घेतो, ते रुग्ण. अँजिओप्लास्टीनंतर बहुतेकांना रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दोन गोळ्या काही काळ एकत्र असतात, ॲस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा तसलीच दुसरी. काहींना वॉरफरिन असते. या गोळ्या चालू असताना डोकं आपटलं तर कवटीच्या आत रक्तस्राव होण्याचा धोका जास्त, आणि तो लगेच दिसेलच असं नाही. वयस्कर माणसात तो इतका संथ असू शकतो की दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखू लागतं, चाल बिघडते, माणूस गोंधळल्यासारखा वागतो आणि घरच्यांना पडल्याचं आठवतही नाही. म्हणून दोन्ही गोळ्या चालू असेपर्यंत यंत्रावरच राहा, असा माझा आग्रह असतो. आणि गोळ्या कोणत्याही असोत, पडलात आणि डोक्याला लागलं तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका; सायकलसाठी ती थांबवायचा विचार करणारे मी पाहिले आहेत.

सायकलवाल्याला आपल्याकडे हेल्मेटची सक्ती नाही, ती मोटारसायकलवाल्याला आहे. पण डांबर दोघांसाठी सारखंच कठीण. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं इतकं खाली बसावं, पट्टा हनुवटीखाली घट्ट. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट टोपीइतकंच उपयोगी.

मधुमेहींपैकी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी निघण्याआधी साखर तपासावी. १०० च्या खाली असेल तर काही खाऊन निघावं. घरी साखर उतरली की घाम, थरथर, मग कुणीतरी साखरपाणी देतं. रस्त्यावर घाम व्यायामाचा वाटतो आणि पुढचा चौक येईपर्यंत डोकं चालेनासं होतं. खिशात ग्लुकोजची पुडी हवी. तीन चमचे पूड घेऊन पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. ज्यांना फिट येतात आणि त्या अजून आटोक्यात नाहीत, त्यांनी रस्त्यावर सायकल चालवू नये. सगळ्यांनीच खिशात एक चिठ्ठी ठेवावी: नाव, आजार, चालू औषधं, घरचा फोन नंबर. बेशुद्ध माणसाचा मोबाइल लॉक असतो, चिठ्ठी नसते.

घामाची आणखी एक गंमत. यंत्रावर पंख्याखालीही माणूस निथळतो, कारण हवा अंगावरून पुरेशी वाहत नाही. बाहेर वारा घाम वाळवत राहतो आणि आपल्याला घामच आला नाही असं वाटतं. पाणी मात्र तेवढंच गेलेलं असतं. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांना अशा वेळी चक्कर येते. तासाला अर्धा लिटर पाणी धरून चाला. हृदय कमजोर असल्यामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच.

पहाटेच निघायचं, हा आपला हट्ट असतो. शहरात डिसेंबर-जानेवारीत तो थोडा सोडावा. थंडीत जमिनीलगतची हवा वर जात नाही, धूर आणि धूळ खालीच साठून राहते. व्यायाम करताना आपण बसल्या जागेपेक्षा कितीतरी पट हवा आत घेतो. दम्याच्या रुग्णांनी ऊन पडेपर्यंत थांबावं, धुरकट दिवशी यंत्रच बरं. शिवाय अंधारात खड्डे दिसत नाहीत आणि पहाटे रस्त्यावर कुत्र्यांचं राज्य असतं.

कुत्र्यांचं हसण्यावारी नेऊ नका. मागे लागलेल्या कुत्र्यापासून वेगानं पळायला गेलं की माणूस पडतो आणि वर चावाही बसतो. वेग कमी करा, थांबा, उतरा आणि सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरा. बहुतेक कुत्री पळणं थांबलं की पाठलाग थांबवतात. तरी चावलंच, नुसतं ओरखडलं असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात या. रेबीजची लस तिथं मोफत मिळते. तारखा ठरलेल्या असतात आणि बरं वाटतंय म्हणून एकही चुकवायची नसते.

शेवटी सायकलीच्या खरेदीबद्दल, कारण तेही विचारतात. खाली वाकून चालवायची, अरुंद टायरची महागडी सायकल पहिल्या वर्षी घेऊ नका. सरळ बसता येईल अशी, जरा रुंद टायरची साधी सायकल बरी. गिअर असतील तर चढाला मदत होते. पहिला महिना ग्रुपबरोबरही जाऊ नका. ग्रुपमध्ये सगळ्यात तरुण माणसाचा वेग हा सगळ्यांचा वेग होतो आणि व्हॉट्सॲपवर शंभर किलोमीटरचे फोटो बघून अनेकांच्या गुडघ्यांनी मान टाकली आहे. आणि बाहेर पडलात म्हणून घरातली सायकल विकू नका. आठवड्यातले दोन-तीन दिवस बाहेर आणि बाकीचे घरात, हे गणित बहुतेकांना जमतं. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडून रस्त्यावरचं तेल-माती वर आली, पांढरे पट्टे आणि गटाराची झाकणं निसरडी झाली, की चार महिने तीच पुन्हा कामाला येते.